नऊ नंबरची खाट

८ मार्च

मंगळवार, ४ मार्च, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. ही वेळ मी लिहून ठेवली आहे. तूही लिहून ठेव.

चि. ठकूस,

आशीर्वाद. ते माझ्या रागावर अवलंबून नसतात, म्हणून आधीच देऊन टाकते.

त्या वेळी तू आपला शोधनिबंध जर्नलकडे रवाना केलास. पोच मिळाल्याचा ईमेल तू तुझ्या बाबांना धाडलास आणि दादाने तो निबंधासकट छापून माझ्याकडे आणून दिला, मोठ्या कौतुकाने. मी चष्मा लावला. पहिल्या पानावर तुझं नाव होतं. माझं शोधत शोधत मी एकोणिसाव्या पानापर्यंत गेले. तिथे शेवटून तिसऱ्या ओळीत मी सापडले: ‘नोंदी पुरवल्याबद्दल एका निवृत्त परिचारिकेचे आभार.’

एका! आणि पुरवल्या म्हणे! मी काय दारावर येऊन पिशवीतून माल देऊन गेले?

तुला आठवण करून देते. माझ्या वॉर्डात घंटा वाजत राहते आणि कुणी जागचं उठत नाही, असं अधीक्षक भर बैठकीत म्हणाले होते. त्या दिवसापासून दुपारच्या विश्रांतीच्या वेळात, एक ते चार, वाजलेली प्रत्येक घंटा मी वहीत लिहिली. खाट कोणती, वाजले किती, कारण काय, गेलं कोण. अठरा वर्षं, तेवीस वह्या. अधीक्षक बदलून गेले तरी मी लिहीतच होते, कारण माझा राग बदलून गेला नव्हता. सोळा खाटांच्या वॉर्डात नऊ नंबरची घंटा बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त वाजते, हे तुला कुणी सांगितलं? तुझ्या ध्वनिमापकाने? मी सांगितलं, दोन उन्हाळ्यांपूर्वी, या स्वयंपाकघरात, तू माझ्या वहीवर चहाचा कप ठेवलास तेव्हा. त्यानंतर तुला सुचलं की खाली धुलाईघर आहे आणि तिथली यंत्रं एक ते चारच चालतात.

शाळेत आम्हाला नन्सनी शिकवलं होतं की दुसरीच्या वहीतून उतरवलं तर खाली तिचं नाव लिहायचं. तू तीन पदव्या घेतल्यास, हे एवढं राहिलं.

लेखी खुलासा २० मार्चच्या आत हवा. फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतेस.

लोभ आहेच, पण तूर्त तो कुलपात ठेवला आहे.

तुझी आत्या

१३ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. यातलं ‘शि.’ आज खरोखर टेबलाला टेकवून लिहिते आहे.

खुलासा असा. जर्नलच्या फॉर्मवर प्रत्येक लेखकाची संस्था विचारतात. तुझ्यापुढे मी ‘निवृत्त’ लिहिलं, तर लाल अक्षरांत उत्तर आलं की अशी संस्था यादीत नाही. रुग्णालयाचं नाव घातलं, तर तिथला चालू ईमेल मागितला. तुझा तर कुठलाच ईमेल नाही. बारा वाजता विशेषांकाची मुदत संपत होती, अठरा मिनिटं उरली होती. आभारात नाव घालायला गेले, तर म्हणे त्या व्यक्तीची लेखी संमती जोडा. मग मी घाबरून तुला ‘एका निवृत्त परिचारिके’त बसवलं आणि बटण दाबलं. हे कारण आहे, समर्थन नाही. बाबांना मी म्हटलं होतं की आत्याला इतक्यात दाखवू नका. त्यांनी त्याच संध्याकाळी छापून आणलं ना? पोटात काही राहत नाही त्यांच्या.

पण आत्या, मला का घाई झाली होती तेही ऐक. नर्सिंगच्या जर्नलने आपल्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या: यात गणित फार आहे. ध्वनिशास्त्राच्या जर्नलने तिसऱ्याच दिवशी परत धाडलं: यात आजारी माणसं फार आहेत. हे तिसरं जर्नल असं आहे की ते दोन विषयांच्या मधल्या फटीत पडलेलंच काम घेतं. आणि आपलं काम तिथेच तर आहे! धुलाईघराचे पंखे एक अतिशय खालचा आवाज काढतात, कानाला जेमतेम कळणारा, छातीला जाणवणारा. त्या आवाजाच्या एका लहरीची लांबी साडेसतरा मीटर. तुझ्या वॉर्डची लांबी साडेसतरा मीटर. हवेचा नळ नेमका नऊच्या भिंतीमागून वर जातो, म्हणून त्या कोपऱ्यात आवाज सगळ्यात जास्त साचतो. मी रिकाम्या वॉर्डात खाटेखाटेशी मोजला आहे. माझी मोजणी आणि तुझ्या वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

मी लगेच संपादकांना लिहिलं. त्या म्हणाल्या की परीक्षकांकडे जाण्याआधी लेखक वाढवता येईल. फॉर्म सोबत आहे. त्यात तू काय काय केलंस ते लिहायचं, आणि शेवटी सही करायची की आपल्या भागाबद्दल कुणीही काहीही विचारलं तरी मी उत्तराला बांधील आहे. वाचून सही कर. ती सही शोभेची नसते.

कुलपाची किल्ली हरवू नये ही विनंती.

तुझी ठकू

१८ मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद, या वेळी व्याजासकट.

फॉर्म भरला. ‘संस्था’ या रकान्यात तू सांगितल्याप्रमाणे ‘स्वतंत्र संशोधक’ लिहिलं. लग्न केलं नाही म्हणून लोक मला आयुष्यभर स्वतंत्र म्हणत आले, पण ते नाक मुरडून. छापील फॉर्मवर, आदराने, हे पहिल्यांदाच. ईमेल दादाने काढून दिला. त्याने माझा गुप्त शब्द स्वतःच्या डायरीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, तेव्हा तो किती गुप्त आहे ते तूच बघ.

निबंध मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. गणित सोडून सगळं समजलं, आणि आलेखही समजले, कारण तापाचे तक्ते मी तुझ्या जन्माआधीपासून वाचते आहे. अकरा चुका सापडल्या. त्या लाल पेनाने केल्या आहेत. वॉर्डात स्टूल प्रत्येक खाटेशी नव्हतं, दोन खाटांत एक होतं. चार नंबरच्या वर खिडकी नाही, झरोका आहे. आणि ‘रुग्णाकडून घंटा-घटना घडली’ हे काय आहे? अगं, माणसाने घंटा वाजवली. त्याच्या हातात दोरी होती, त्याने ती ओढली. घटना कसली घडते आहे?

सही केली आहे. पूर्ण नाव, खाली रेघ. दादा म्हणाला, एवढी मोठी सही करतात का, रकान्याबाहेर गेली. म्हटलं, एकतीस वर्षं मी रकान्यात सही केली आहे, आता जाऊ दे थोडी बाहेर.

तुझं नाव आधी आणि माझं नंतर, हे मला मान्य आहे. गणित तुझं आहे.

लोभ बाहेर काढला आहे, हवेशीर ठेवला आहे.

तुझी आत्या

६ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. घाईत लिहिते आहे, आनंदाने.

परीक्षकांचे अभिप्राय आले! दोन आहेत. कोण आहेत हे कळत नाही, कळू देत नाहीत, तीच रीत आहे. पहिल्याने लिहिलं आहे की अठरा वर्षं एकाच हाताने, एकाच पद्धतीने ठेवलेली अशी नोंद त्याने आजवर पाहिली नाही. एकाच हाताने! तो हात तुझा. मी ती ओळ चौकट करून भिंतीवर लावली आहे.

दुसऱ्याने सात पानं लिहिली आहेत. माझ्या गणिताची त्याने पार साल काढली आहे, पण माणूस खडूस असला तरी प्रामाणिक आहे. माझ्या वाट्याचे प्रश्न मी बघते. तुझ्या वाट्याला एकच आहे, चौथा. तो विचारतो, रुग्णांना खाटा कशा दिल्या जात? मुळातच चिडचिडे किंवा जास्त दुखणारे रुग्ण जर नऊवर ठेवले जात असतील, तर घंटा त्यांच्या स्वभावाच्या आहेत, खाटेच्या नाहीत. मग या निबंधात काही उरत नाही, असं त्याने सरळ लिहिलं आहे.

निबंधात आपण म्हटलंच आहे की खाट रिकामी होईल त्या क्रमाने दिली जाई. तेवढंच तू तुझ्या शब्दांत दोन ओळींत लिहून पाठव, म्हणजे उत्तराला जोडते. मुदत ५ ऑगस्टपर्यंत आहे, पण मला महिनाभर आधीच धाडायचं आहे. झोप येत नाही आत्या, हे छापून येणार असं वाटायला लागलं आहे!

आशीर्वाद असू द्यावा, आणि उत्तर लवकर असू द्यावं.

तुझी ठकू

१२ जून

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद.

अभिप्राय वाचले. पहिला माणूस घरंदाज दिसतो. दुसरा कोण टिकोजीराव आहे? ज्याने जन्मात कुणाची चादर बदललेली नसेल त्याने मला विचारावं की खाटा कशा देत होता! त्याला म्हणावं, सकाळी सहा जणांना घरी धाडायचं असतं, नऊ जण बाहेर बाकावर बसलेले असतात, त्यांतल्या एकाला वांती होत असते, आणि डॉक्टर दाराशी घड्याळ दाखवत उभे असतात. कोणता वॉर्ड ते डॉक्टर ठरवतात, कोणती खाट ते सिस्टर. असं सगळीकडेच असतं. त्यात विचारण्यासारखं काही नाही.

इकडे सगळं ठीक. गच्चीवरची पाण्याची टाकी गळत होती, ती दुरुस्त करून घेतली. प्लंबर मला म्हणाला, मावशी, तुम्ही बाजूला व्हा. मी बाजूला झाले नाही, म्हणून ती नीट झाली. दादाच्या गुडघ्याला पट्टा आणला आहे, तो पट्टा लावत नाही, नुसता कपाटाला अडकवतो आणि बरं वाटतं म्हणतो. माझा ईमेल उघडेनासा झाला आहे. शेजारणीच्या मुलीने एम.ए.ला प्रवेश घेतला. तिला मी आपल्या निबंधाचं शीर्षक सांगितलं, ती तीनदा ‘हो का’ म्हणाली.

लोभ पूर्वीसारखाच.

तुझी आत्या

१७ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात टाकी आहे, प्लंबर आहे, बाबांचा गुडघा आहे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

मार्चमध्ये तू अकरा चुका काढल्या होत्यास. ती लाल पेनाची प्रत मी आज परत काढली. स्टुलाची चूक तू सोडली नाहीस, झरोक्याची सोडली नाहीस. ‘खाट रिकामी होईल त्या क्रमाने दिली जाई’ हे वाक्य त्याच पानावर आहे. ते मी अंदाजाने लिहिलं होतं, तुला न विचारता. त्याच्याखाली तुझ्या पेनाचा एक लाल ठिपका आहे. पेन टेकवलं होतंस आणि उचललंस.

मी रागावलेली नाही. तू मला सायकल शिकवलीस, आणि मी भिंतीवर आपटले तेव्हा बाबांना सांगितलंस की भिंतच चुकीच्या जागी होती. म्हणून आता मी तुला एवढंच सांगते की जे असेल ते लिही. निबंध मागे घ्यावा लागला तर घेऊ. दोन वर्षांचं काम आहे, मला वाईट वाटेल, पुढच्या नेमणुकीसाठी दाखवायला दुसरं काही नाही तेही खरं. पण खोटं वाक्य छापून मला कुठे तोंड दाखवता येणार नाही, आणि तुलाही आवडणार नाही, हे मला माहीत आहे.

तू लिही. वाट बघते.

तुझी ठकू

२५ जून

चि. ठकूस,

आशीर्वाद. हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आता पूर्ण करते.

खाटा क्रमाने दिल्या जात नव्हत्या. नऊ नंबर माझ्या टेबलापासून सगळ्यात लांब होता. घंटा ऐकू येई, पण माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. आल्या आल्या जो रुग्ण उशी मऊ नाही म्हणे, पंखा जोरात आहे म्हणे, आधी कुठे काम करत होतो ते सांगू लागे, त्याला मी दहा मिनिटांत ओळखत असे, आणि नऊ नंबर दाखवत असे. शिकाऊ मुली आपसात म्हणत, गेला वनवासाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं करत असे. हे मी अठरा वर्षं केलं. ते वाक्य मार्चमध्ये वाचलं तेव्हा पेन टेकवलं आणि उचललं, ते तू बरोबर पाहिलंस. तुझ्या डोळ्यांचं कौतुक वाटलं आणि रागही आला.

आता पुढचं ऐक. तुझं पत्र आल्यावर मी ठरवलं की त्या टिकोजीरावाला पुराव्यानिशी दाखवायचं, की ही माणसं मुळातच तशी होती आणि माझी पारख बरोबर होती. निबंध बुडेल, पण मी तरी बरोबर ठरेन. माझ्या वह्यांत खाटबदलही लिहिलेले आहेत, मागच्या पानांवर. नऊच्या वरचं छत जवळजवळ दर पावसाळ्यात गळायचं, कधी दोनदाही. दोनदा रंगकाम झालं. त्या त्या वेळी नऊवर जो असेल त्याला मी दुसरीकडे हलवलं होतं. म्हटलं, दुसऱ्या खाटेवरही ते तितक्याच घंटा वाजवताना दिसतील.

ठकू, ते वाजवत नव्हते.

एकूण सत्तावीस माणसं हलवलेली सापडली. नऊवर दुपारी आठ-नऊ वेळा घंटा वाजवणारा माणूस चौदावर गेला की दोनदा, कधी एकदा. तू म्हणशील, बरा होत आला असेल म्हणून. मलाही तेच वाटलं. मग आठवलं, छताची डागडुजी झाल्यावर मी त्यांतल्या सहा जणांना परत नऊवर आणलं होतं, कारण अर्थातच मला ते टेबलाजवळ नको होते. वेगवेगळ्या वर्षी, ज्याची त्याची वेळ येईल तसं. सहाही जणांच्या घंटा परत चढल्या. आणि रंगकाम दुसऱ्या भिंतीशी गेलं तेव्हा जागा नव्हती म्हणून पाच अगदी गरीब, न बोलणारी माणसं पाळीपाळीने नऊवर ठेवली होती. त्यांतली चार जणं दुसऱ्या दिवसापासून घंटा वाजवायला लागली. मी तेव्हा म्हटलं होतं, लाडावले.

एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ होते. पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. अकरा दिवस नऊवर. रोज मला सांगत, सिस्टर, इथे काहीतरी चालू आहे, ते बंद करा. मी सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले होते, तुमची जीभ चालू आहे, ती बंद करा. सगळे हसले. तेही हसले. त्या माणसाने जन्मभर कानाशी घड्याळ धरून काम केलं होतं, त्याला कळणार नाही तर कुणाला? काल चौकशी केली. ते आता नाहीत.

माझ्या वहीत ‘कारण’ असा रकाना आहे. पाणी, वेदना, उलटी, उशी. नऊ नंबरपुढे पानंच्या पानं मी एकच लिहिलं आहे: काही नाही. काही नाही. काही नाही.

वह्यांची यादी, तारखा, खाटा, सगळं वेगळ्या कागदावर सुवाच्य उतरवून जोडलं आहे. नावं लिहिलेली नाहीत. याचं निबंधात काय करायचं ते तू ठरव. मी बांधील आहे म्हणून सही केली होती, तेव्हा आता मी लाजले आहे म्हणून सुटत नाही.

तुझी आत्या

२ जुलै

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार, पूर्ण शब्दांत.

तुझं पत्र दुपारी आलं. पहिलं पान वाचून मी खुर्चीत बसले. दुसरं पान वाचून उभी राहिले. यादी उघडली आणि मी आमच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात ओरडले, इतकी की वरच्या मजल्यावरचे रसायनवाले काही सांडलं का बघायला खाली आले.

तुला कळलं का तू काय पाठवलं आहेस? तो दुसरा परीक्षक म्हणत होता की खाट आणि स्वभाव वेगळे करता येणार नाहीत. तू ते वेगळे केले आहेस! तोच माणूस, तेच दुखणं, खाट बदलली की घंटा कमी, परत आणला की परत जास्त, आणि गरीब माणूस नेला की तोही वाजवायला लागतो. असा प्रयोग मुद्दाम करायला कुणी परवानगी दिली नसती. गळक्या छताने आणि तुझ्या हट्टाने तो केला, आणि तू तारीखवार लिहून ठेवला. मी तीन पद्धतींनी तपासलं. माणूस बरा होत जातो त्याचाही हिशेब धरून तपासलं. प्रत्येक वेळी उत्तर तेच. माझ्या मूळ निबंधापेक्षा हे कितीतरी पक्कं आहे. मूळ निबंध खरं तर कच्चा होता, हे आता मला दिसतं, आणि तो तसाच छापून आला असता या विचाराने घाम फुटतो.

खाटा क्रमाने देत असत हे वाक्य काढून टाकलं. त्या जागी सत्तावीस माणसांचा नवा भाग घातला आहे. तो भाग तू सांगितलास तसाच आहे. शीर्षकही बदललं.

आणि आत्या, त्या घड्याळवाल्यांबद्दल. ‘काही नाही’ असं लिहिलंस, पण लिहिलंस. दुसरी कुणी असती तर ज्या घंटेला कारण नाही ती नोंदवलीच नसती, आणि त्यांचं म्हणणं कायमचं पुसलं गेलं असतं. तुझा राग घालवायला हे सांगत नाही. तुझा राग जाईल असं मला वाटतही नाही.

पट्टा कपाटालाच असेल तर बाबांना नमस्कार सांग, गुडघ्याला असेल तर शाबासकी.

तुझी ठकू

२९ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

स्वीकारला! शुक्रवारी सकाळी सव्वादहाला ईमेल आला. दुसऱ्या परीक्षकाने या वेळी सात पानं नाही, सात ओळी लिहिल्या आहेत. त्यातली शेवटची अशी की नवा भाग वाचून त्याने स्वतःच्या एका जुन्या निबंधाकडे परत बघितलं आणि तो अस्वस्थ झाला. आत्या, या जगात परीक्षक असं लिहीत नाहीत. मी ते वाचून रडले, मग आमच्या विभागात सगळ्यांना केक दिला, मग परत वाचून रडले.

छपाईची प्रूफं आली आहेत. ती बाबांबरोबर पाठवते आहे, ते इथे तपासणीसाठी आले होते म्हणून बरं झालं. तुझं नाव दुसरं आहे, ठळक अक्षरांत, पुढे ‘स्वतंत्र संशोधक’. एकोणिसाव्या पानापर्यंत शोधावं लागणार नाही.

एक सांगायचं राहिलं. सातव्या पानावर खाटा कशा दिल्या जात त्याचं वाक्य मी शेवटच्या फेरीत थोडं मऊ केलं आहे. ‘ज्या रुग्णांकडे अधिक लक्ष देण्याची आवश्यकता भासे, त्यांना ही खाट दिली जाण्याची शक्यता अधिक होती.’ शास्त्राच्या दृष्टीने यात काही बिघडत नाही असं मला वाटतं. तुझ्या जुन्या मैत्रिणी वाचतील, शिकाऊ होत्या त्या मुली आता मोठ्या पदांवर आहेत, त्या वाचतील. तुला उगाच कुणी बोलू नये, एवढ्याच मायेने केलं. नजर टाक आणि ठीक आहे म्हण.

लोभ माझ्याकडून आहेच, तुझाही असाच राहो.

तुझी ठकू

११ ऑक्टोबर

चि. ठकूस,

उदंड आशीर्वाद, आणि पाठीवर एक थाप, जोरात.

प्रूफं आली. माझं नाव मी बोटाने चाचपून पाहिलं, कागद गुळगुळीत आहे, तरी पाहिलं. औषधाच्या दुकानात सांगितलं. बँकेत सांगितलं. दातांच्या डॉक्टरला सांगितलं तेव्हा माझं तोंड उघडंच होतं, म्हणून त्याला दोनदा सांगावं लागलं. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिलं पान दाखवतो आणि साडेसतरा मीटरच्या लहरीबद्दल चुकीची माहिती देतो. वॉर्डातल्या आत्ताच्या सिस्टरकडेही जाऊन आले. प्रूफांतला आलेख तिच्या टेबलावर पसरला. ती माझ्याकडे शिकाऊ होती. तिने दोन माणसं बोलावली, नऊची खाट माझ्यादेखत उचलली आणि त्या कोपऱ्यात चादरींचं कपाट लावलं. चादरींना आता घंटा वाजवायची असेल तर वाजवू देत. इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

आता सातवं पान.

‘अधिक लक्ष देण्याची आवश्यकता भासे.’ ठकू, हे कुणी लिहिलं? ज्यांच्याकडे मला लक्ष द्यायचं नव्हतं, त्यांना मी तिथे ठेवलं. तू नेमकं उलट छापते आहेस, आणि वर म्हणतेस की शास्त्राच्या दृष्टीने बिघडत नाही. दुसऱ्या एखाद्या रुग्णालयातली सिस्टर हे वाचेल आणि म्हणेल, आम्ही तर लक्ष देण्यासाठी रुग्ण जवळ ठेवतो, आमच्याकडे हा प्रश्न नाही. तिच्याकडेही एक लांबची खाट असणार. प्रत्येकीकडे असते. ते तिला कळावं म्हणून तर हे छापायचं. ‘दिली जाण्याची शक्यता अधिक होती’ म्हणे! शक्यता नव्हती. मी दिली. मार्चमध्ये माणसाने घंटा वाजवली आणि तू घटना घडवलीस, आता मी खाट दिली आणि तू शक्यता करतेस.

मला कुणी बोलेल याची काळजी तू करू नकोस. घड्याळवाल्यांना मी सगळ्या वॉर्डासमोर बोलले होते, तेव्हा माझी काळजी कुणी केली नव्हती आणि त्यांचीही नाही. तुझी माया मला पोचली. ती तू माझ्या जेवणाखाण्याकडे वळव, सातव्या पानाकडे नको.

वाक्य मी सांगते तसं घालायचं, शब्दाला शब्द:

‘ज्या रुग्णांना वॉर्डच्या सिस्टरने पहिल्याच दिवशी तक्रारखोर ठरवले, त्यांना तिने मुद्दाम नऊ क्रमांकाची खाट दिली. ती सिस्टर या निबंधाची दुसरी लेखिका आहे.’

प्रूफं परत करायची मुदत संपादकांच्या पत्रात गुरुवार, १६ ऑक्टोबर, दुपारी चार अशी छापली आहे. दादा हे पत्र घेऊन सोमवारी तुझ्याकडे येतो आहे आणि बुधवारी परत निघतो. वाक्य बदललं आहे, असं तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, त्याच्या हाती दे. तोंडी निरोप चालणार नाही. बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत कागद माझ्या हातात आला नाही, तर गुरुवारी सकाळी मी स्वतः संपादकांना लिहीन. माझा ईमेल आता उघडतो.

तुझी आत्या
स्वतंत्र संशोधक